कोईड नावाचा आजार

परदेशात नोकरी मिळावी म्हणून लावलेल्या आमच्या जर्मनच्या वर्गात अकरा नर्स होत्या आणि सगळ्यांचा शत्रू एकच: डेर, डी, दास. त्या भाषेत प्रत्येक वस्तू 'तो', 'ती' किंवा 'ते' असते. वर्ग भिलाईत, एका मोबाइलच्या दुकानाच्या वर भरायचा. बाकीच्या दहाजणी घरीदारी हिंदी बोलणाऱ्या, त्यामुळे त्यांना 'तो' आणि 'ती' एवढंच ठाऊक. "ये तीसरा कहाँ से आ गया?" कुम्हारीहून बसने येणारी माझी मैत्रीण दर रविवारी कपाळाला हात लावायची.

मी मात्र खुशीत होते. बाहेर मीही हिंदीच बोलायचे. मराठी फक्त घरात, आणि तीही भंडाऱ्याकडची, मले-तुलेवाली. पुण्याच्या मावशीकडे गेलं की माझी मावसभावंडंसुद्धा त्या मराठीला हसायची. पण त्या मराठीत 'ते' होतं! पाणी ते, मीठ ते, घर ते, रक्त ते. आणि जर्मनमध्येही ही चारही 'ते'च निघाली. माझी कॉलर ताठ झाली. पुढच्या रविवारी डोळा 'ते' निघाला, दार 'ती' निघालं, आणि कॉलर परत खाली आली.

मग मी बोरसीतल्या आमच्या घरात चिठ्ठ्या चिकटवल्या. फ्रिजला, कपाटाला, आईच्या कढईलासुद्धा. 'मुलगी' हा शब्द जर्मनमध्ये 'ते' आहे हे कळल्यावर ती चिठ्ठी मी स्वतःच्या ओढणीला लावली. मला वाटलं, आई चिडेल.

"त्यात काय?" आई म्हणाली. "आपण नाही म्हणत, ते पोट्टं कुठं गेलं म्हणून?"

बाबा स्टील प्लांटमधून रिटायर झालेले क्रेन ऑपरेटर. तोंडी परीक्षेच्या सरावासाठी मी त्यांना पेशंट केलं. ते लगेच चादर ओढून पलंगावर आडवे झाले. पेशंटचं काम त्यांना मनापासून आवडलं.

"वो हाबेन झी श्मेर्त्सन?" मी विचारलं. म्हणजे, कुठे दुखतंय?

"गुडघ्यात."

"बाबा, जर्मनमध्ये सांगा ना."

"पेशंटले जर्मन येतेच, असं थोडंच हाय? अन् चहा सांग आईले. पेशंट कवाचा पडून राहिला."

मी चिडले, पण परीक्षा पास झाले. रायपूरच्या विमानतळावर आई रडली. बाबा माझ्या बॅगेची चाकं तपासत राहिले आणि "ह्याचं ग्रीसिंग पाह्यजे होतं" एवढंच बोलले.

माझं काम जर्मन बोलणाऱ्या ऑस्ट्रियातल्या डोंगराळ भागातल्या एका छोट्या हॉस्पिटलमध्ये होतं. पहिल्या सकाळी मी खिडकी उघडली, ताजी हवा आत घेतली आणि ऐंशीच्या पुढच्या एका आजींना पुस्तकातल्या जर्मनमध्ये विचारलं, "कसं वाटतंय?"

आजी म्हणाल्या, "मिया इस कोईड."

हा शब्द माझ्या कुठल्याच वहीत नव्हता. पण ओळखीचा वाटला. मी पुन्हा विचारलं. "कोईड! कोईड!" आजी ओरडल्या आणि वर दोनदा शिंकल्या. मग काय विचारता. मी मास्क चढवला, हातमोजे घातले, शेजारच्या पेशंटच्या बाजूचा पडदा ओढला आणि धावत हेड नर्सला गाठलं. "तीन नंबरला कोविड!"

हेड नर्स आल्या. आजी तेच शब्द पुन्हा म्हणाल्या, आता चांगल्याच वैतागून. हेड नर्सनी आधी खिडकी बंद केली, मग आजींच्या अंगावर ब्लँकेट घातलं आणि मग भिंतीला टेकून हसायला लागल्या. तिकडच्या बोलीत 'काल्ट'चं, म्हणजे थंडचं, कोईड होतं. आजींना फक्त थंडी वाजत होती.

मी जागच्या जागी मेले. संध्याकाळी फोनवर घरी सांगितलं तर बाबांना हसता हसता ठसकाच लागला. मग म्हणाले, "म्हणजे तिकडं बी पुस्तकातली वेगळी अन् घरातली वेगळी. मंग तुले कावून जड जाऊन राहिलं? जलमभर तेच तर केलं तू."

मला हे सुचलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी वही घेऊन आजींजवळ बसले. औषधं देताना रोज त्यांच्या बोलीतले पाच शब्द. आजी फार कडक होत्या. उच्चार चुकला की गोळी घ्यायच्या नाहीत. मी नीट म्हटलं की गपकन गिळायच्या. तीन आठवड्यांत आजींची एकही गोळी चुकली नाही, आणि डॉक्टरांना वाटलं, ही माझी कर्तबगारी.

घरी जायच्या दिवशी त्यांचा मुलगा गाडी घेऊन आला. आजींनी जाता जाता माझ्या भिलाईच्या कापडी बुटांकडे बोट दाखवलं आणि भराभर बरंच काही बोलल्या. असले बूट घालून बर्फात पडशील, पाय मोडशील, मग माझ्याच पलंगावर येशील. मुलगा ओशाळला. तेच सगळं तो मला शुद्ध जर्मनमध्ये समजावून सांगायला लागला.

"राहू द्या," मी म्हटलं, "सगळं कळलं."

शनिवारी जाऊन जाड तळव्यांचे बूट आणले.