आठवड्याचं पान

वृत्तपत्रविद्येच्या वर्गातली पोरं सरांना पाठीमागे ‘मथळा सर’ म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. रोज सकाळी ते चार-पाच वर्तमानपत्रं जमिनीवर ओळीने मांडायचे आणि हातात पट्टी घेऊन त्यांच्याभोवती रांगत फिरायचे. मथळा किती रुंद, फोटो घडीच्या वर की खाली, जाहिरातीने किती जागा खाल्ली. बातमी मात्र वाचायचे नाहीत.

"जगात काय चाललंय ते मला विचारा," बायको पट्टीशेजारी चहा ठेवत म्हणायची. "यांना ते किती बाय किती आहे तेवढंच कळतं."

दर सोमवारी वर्गात आठवडाभराची पहिली पानं फळ्यावर टाचायची, पोरांनी त्यांची चिरफाड करायची आणि त्यातलं सर्वांत उत्तम पान बाहेरच्या व्हरांड्यात काचेच्या चौकटीत लावायचं. ‘आठवड्याचं पान.’ सरांनी स्वतः उभ्या आयुष्यात वर्तमानपत्राचं एकही पान आखलं नव्हतं, पण त्या चौकटीची किल्ली खिशात घेऊन ते असे मिरवायचे, जणू तिजोरीच सांभाळतायत.

मग एका आठवड्यात रंगाच्या कारखान्याला आग लागली आणि त्यात सरांच्या धाकट्या बहिणीचा नवरा गेला. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर बहीणच होती. कारखान्याच्या फाटकाशी बसकण मारलेली, केस सुटलेले, तोंड उघडं, एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी. खाली ओळ होती, ‘आक्रोश करणारी एक महिला’.

सरांनी तिला आपल्या घरी आणलं. ती कुणाशी बोलत नव्हती. एका संध्याकाळी तेच पान घेऊन त्यांच्यापुढे येऊन बसली.

"दादा, हे लोक कुणाला विचारून छापतात रे?"

सरांनी पान हातात घेतलं. दुसऱ्या कुणा भावाने ते बाजूला ठेवून आधी बहिणीचा हात धरला असता. पण यांचे मेले डोळे सवयीने फोटोच्या कडांवर गेले.

"कापलाय मात्र नेमका," ते म्हणाले. "अनवाणी पाय बरोब्बर ठेवलाय."

बहिणीने पानावर बोट ठेवलं. "दादा, मी आहे ती."

सरांची कानशिलं तापली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं त्यांना.

"तू शिकवलेली पोरं आहेत ना त्या पेपरात कामाला?" बहीण म्हणाली. "सांग त्यांना, हा फोटो परत कुठे लावू नका. मला बाहेर पडवत नाही. कोपऱ्यावरचा दुकानदारसुद्धा माझ्या पायांकडे बघतो."

"आत्ताच सांगतो, छोटे."

त्यांनी आतल्या खोलीत जाऊन जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. तो आता त्याच वर्तमानपत्रात पानांची मांडणी करायचा.

"सर! पान बघितलंत ना?" सरांना बोलूच न देता तो सुटला. "सगळे म्हणत होते पाय काप, पाय काप. मी भांडून ठेवला. तुमचीच शिकवण, सर. मोठ्या दुःखात एक बारीकशी गोष्ट शोधा, तुम्ही सांगायचात."

"छान झालंय," सर कसंबसं म्हणाले आणि फोन ठेवला.

बाहेर येऊन बहिणीला म्हणाले, "सांगितलं." त्या रात्री ती दुर्घटनेनंतर पहिल्यांदा पोटभर जेवली.

सोमवारी पहिल्या बाकावरच्या मुलीने नेमकं तेच पान टाचलं. बहुतेक हात त्यालाच वर झाले. "हा पाय नसता तर फोटो इतका बोलला नसता, सर," ती म्हणाली.

‘ही माझी बहीण आहे, काढा ते पान.’ एवढंच म्हणायचं होतं. पण पानावर आलेला माणूस कुणाचाच नसतो, तो वाचकांचा असतो, असं याच वर्गात हेच सर वर्षानुवर्षं ठासून सांगत आलेले. आता कुठल्या तोंडाने बोलणार? स्वतःची इतकी लाज त्यांना कधीच वाटली नव्हती, आणि तरीही त्यांनी "बरोबर" म्हणून चौकटीची किल्ली त्या मुलीच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सर डबा घरीच विसरले. बायको द्यायला निघाली तर बहीण म्हणाली, "मी जाते." फोटो आता कुठे दिसणार नाही, या भरवशावर ती आगीनंतर प्रथमच एकटी घराबाहेर पडली. केस घट्ट बांधले, पायात बंदांचे बूट घातले.

सर तास संपवून बाहेर आले तेव्हा ती चौकटीसमोर उभी होती. आजूबाजूला पोरांची गर्दी, पण एकानेही तिला ओळखलं नाही. तिने पानाकडे पाहिलं, मग सरांकडे. ही आता चारचौघांत ओरडणार, सरांना वाटलं. ओरडली असती तर फार बरं झालं असतं.

"कोण हवंय आपल्याला?" पहिल्या बाकावरच्या मुलीने अदबीने विचारलं.

"कुणी नाही," बहीण म्हणाली. "मी सरांच्या शेजारी राहते. डबा विसरले होते ते, तो द्यायला आले."

तिने डबा पुढे केला. मुलगी सरांकडे बघू लागली. सरांनी डबा घेतला आणि आपल्या धाकट्या बहिणीला म्हणाले, "थँक्यू."