डब्यातली तुळशीमाळ

आमच्या घाटकोपरच्या चाळीत माझ्याशिवाय नळाला पाणी येत नसे असं मी म्हटलं तर ती थाप होईल. पण माझ्याशिवाय नळावर मजा येत नसे, हे देवाशपथ खरं. मी सांगत बसायचे आणि बायकांचे हंडे भरून वाहून जायचे. गोराईच्या खाडीत माझ्या मामाने धरलेला मासा एवढा मोठा होता की शेवटी होडीच त्याच्या शेपटीला बांधून घरी आणावी लागली, ही माझी. माझ्या सासूबाईंनी ‘गो’ अशी हाक मारली की विक्रोळीपर्यंतच्या सगळ्या सुना दचकून उभ्या राहतात, हीही माझीच. फक्त ही दुसरी थाप नव्हती.

तर थाप कशी रचतात, कुठे आवळतात, कुठे सैल सोडतात, हे मला कळतं. त्यामुळेच लग्नाला वर्ष व्हायच्या आत माझ्या लक्षात आलं की माझा नवराही थापा मारतो, आणि अगदी भिकार मारतो. माझ्या थापेतून ऐकणाऱ्याला निदान हसायला मिळायचं. त्याच्या थापेतून कुणालाच काही मिळत नव्हतं. तो फक्त तेवढ्यापुरता सुटायचा.

संपात सासऱ्यांची गिरणी गेली, ते गावी जाऊन बसले. घर याच्यावर आलं. हा भांडुपच्या एका कारखान्यात मशीनवर. उशिरा आला की म्हणायचा, “ओव्हरटाइम होता.” त्या दिवसांत त्यांच्या कारखान्यात कामच नव्हतं, निम्मी मशीनं गोणपाट पांघरून झोपली होती. शेजारचे काका त्याच कारखान्यात, ते चारलाच घरी येऊन अंगणात पत्ते पिसत बसलेले. मी एकदा विचारलं, “अहो, तुमचा ओव्हरटाइम काकांना दिसला नाही वाटतं?” तर माझ्याकडे न बघता म्हणाला, “त्यांचं खातं वेगळं.” डोळे लाल, ओठ कोरडे, आणि येऊन पहिली गोष्ट काय, तर मोरीत जाऊन नळाखाली डोकं धरायचं. जेवणाआधी आंघोळ, जेवणानंतर पुन्हा आंघोळ. चाळीतलं निम्मं पाणी माझा नवराच संपवत असे.

सासूबाईंनी निदान केलं, “दारू पिता मेलो.”

“अहो आई, वास कुठे येतो?”

“वास येणा नाय, म्हणजे भारीतली पिता.”

त्यांच्यापुढे डॉक्टर काय करणार! आमच्याकडे व्यसनं तीनच. दारू, मटका आणि तंबाखू. चौथ्याला नाव नव्हतं, आणि ज्याला नाव नाही ते घरात आहे असं कुणी मानत नाही.

दारूवर आमच्या कोकणी लोकांचा एक रामबाण उपाय. माळ घालायची. पिणाऱ्याला धरून बुवांपुढे बसवतात, गळ्यात तुळशीची माळ पडते, आणि त्या दिवसापासून दारू बंद, मासमच्छी बंद. गळ्यातली माळ उतरवायची नाही. चुकून तुटली तर नवी घालेपर्यंत घास घ्यायचा नाही. या माळेने सुधारलेले पाच-सहा बेवडे मी स्वतः पाहिलेत, खोटं नाही बोलणार. पण ते बेवडे होते. आम्ही न पिणाऱ्याची दारू सोडवली.

आणि माझे मासे गेले. माळकऱ्याच्या घरात मासा शिजणार कसा? सासूबाईंनी मासळीची कढई बोहारणीला दिली, विळी राखेने घासली, तिरफळांची बरणी गावी धाडली. मी मालवणी घरातली पोर, माझ्या रक्तात निम्मी आमसुलाची कढी. चार दिवस मी समोरच्या बिऱ्हाडातल्या बांगड्याच्या वासावर भात खाल्ला. पाचव्या दिवशी त्यांनी दार लावून घेतलं.

एक महिना मात्र झकास गेला. नवरा वेळेवर घरी, कपाळाला बुक्का, हातात टाळ. सासूबाई चाळभर मिरवत होत्या. मग हळूहळू भजनं लांब जाऊ लागली. आधी आमच्याच गल्लीत असायची, मग मुलुंडला, मग बोरिवलीला. एकदा विचारलं, “आज कोणता अभंग घेतलात?” तर म्हणाला, “नेहमीचाच.” सांगा, भजनाला गेलेला माणूस असं बोलतो का? तो घरी येऊन सांगतो की पखवाजवाला चुकला, बुवांचा घसा बसला, चहात साखर नव्हती.

माळेचा एक फायदा झाला, तो म्हणजे आता त्याच्यावर कुणी संशय घेईना. ओव्हरटाइम तपासता येतो. देवाचं नाव कोण तपासणार?

मी मात्र हवामान ओळखायला शिकले होते. आधी दोन-तीन दिवस तो उगाच चिडायचा, आमच्या लहानग्या मुलीच्या रडण्यावर, आमटीतल्या मिठावर. भिंतीकडे बघत पाय हलवत बसायचा, माणूस समोर आणि चित्त भलतीकडे. मग एका संध्याकाळी गायब. मग आंघोळी. आणि दुसऱ्या दिवशी गजरा. मोगऱ्याचा, जाडजूड, पानात गुंडाळलेला, सोबत मुलीला गोळ्या आणि आईला केळी. भाजी चिरून द्यायचा, पाणी भरायचा, देवापुढे कान धरायचा. आठवडाभर घरात संत नांदायचे, आणि मग पुन्हा पाय हलायला लागायचा.

नळावरच्या बायका गजरा बघून जळायच्या. “नशीब काढलंस गं! आमचा लग्नाच्या दिवशीसुद्धा फूल विसरला होता.” मी हसायचे आणि गजरा माळायचे. त्या चाळीत माझ्याइतकी फुलं कुणी माळली नसतील, आणि माझ्याइतकी कुणी मनात तुडवलीही नसतील.

वर माझ्या अंगाला त्रास सुरू झाला. पहिल्या वेळी सासूबाई म्हणाल्या उष्णता, आणि धण्या-जिऱ्याचं पाणी दिलं. दुसऱ्या वेळी मी गुपचूप बाजारातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तपासलं, दार लोटलं आणि विचारलं, “नवरा काय करतो?” मी म्हटलं, “भजन.” त्या म्हणाल्या, “दोघांनी औषध घ्यायला हवं. तुला हे आपोआप झालेलं नाही. आणि पुन्हा झालं तर दुसऱ्या मुलाची आशा सोड.” औषध मी घेतलं. त्याच्या गोळ्या मी चहाबरोबर पुढे केल्या, त्याने एकही प्रश्न न विचारता गिळल्या. त्या न विचारलेल्या प्रश्नातच मला सगळं कळायला हवं होतं. पण आपल्या माणसाबद्दल कळायला बाई जरा जास्तच वेळ घेते.

कळलं ते डब्यामुळे. तो तीन खणांचा डबा घेऊन कामावर जायचा. एका संध्याकाळी घासायला काढला, खालचा खण उघडला, आणि आत वर्तमानपत्राच्या तुकड्यावर नीट वेटोळं करून ठेवलेली तुळशीची माळ. तो मोरीत अंगावर तांब्यामागून तांब्या ओतत होता. बाहेर आला तो सदऱ्याची गळ्यापर्यंतची बटणं लावून. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी माळ पुढे धरली.

“तुटली का?”

तो खाली बसला. “काढून ठेवली.”

“कशाला?”

“गळ्यात घालून तिथे कसा जाऊ? विटाळ होईल तिला.”

आई शपथ, माझ्या आयुष्यात मी एवढी मोठी थाप रचू शकले नसते. माळेला विटाळ होऊ नये म्हणून डब्यात! ज्या खणात मी पोळ्या भरत होते त्या खणात! आणि माझं काय? मला कोणत्या खणात ठेवलं होतं?

“तिथे म्हणजे कुठे?”

मग त्याने सांगितलं, जमिनीकडे बघत. व्हिडिओ पार्लरमधली पडद्यामागची खोली, फुटपाथवरची पिवळ्या कागदातली पुस्तकं, आणि मग बायका. लग्नाआधीपासून. लग्न झाल्यावर सुटेल असं वाटलं, मुलगी झाल्यावर सुटेल असं वाटलं, माळ घातल्यावर सुटेल असं वाटलं.

“मजा करता आणि वर रडता?”

“मजा नाही गं. मजा कधीच गेली. नको नको म्हणत जातो. बाहेर पडलो की स्वतःवर थुंकावंसं वाटतं. आणि ते विसरायला पुन्हा जातो.”

“मग जाता कशाला?”

“तेच मला कळत नाही.”

बाहेरख्याली माणसं मी पाहिली होती. ती मिशीला पीळ देतात, चार माणसांत बढाया मारतात. हा त्यातला नव्हता. खरूज झालेल्या पोराला कसं, रक्त येतंय हे दिसतं, पण नख थांबत नाही, तसं होतं. हे मला त्या क्षणी कळलं, आणि कळल्याचाच जास्त राग आला. नुसता हलकट असता तर माझं काम सोपं होतं. पण खाज त्याची आणि रक्त माझं, हे तो लाख रडला तरी बदलत नव्हतं.

मी त्याला सरकारी दवाखान्यात डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होते. ऐकून हसले. म्हणाले, “लग्न झालंय ना? मग घरी लक्ष द्या.” झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. बाहेर आलो तेव्हा नवरा एवढासा झाला होता की मी त्याला पिशवीत घालून घरी आणलं असतं.

मग मी सासूबाईंना खरं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, “बाई ठेवल्यान हा काय तेणा? मारता तुका? मगे? दुसरा पोर झाला की येतलो थाऱ्यार.” डॉक्टरीणबाईंचं सांगितलं तर म्हणाल्या, “तुझ्या गजाली मी ऐकूक नाय काय गो? होडयेक बांधलेलो मासो?”

नळावर सांगितलं. मी बोलत होते आणि बायका हसून लोळत होत्या. “तुझा माळकरी? अगं, काल तर गजरा घेऊन जिना चढताना बघितला!” “आता पुढे काय सांगशील, माळ डब्यातून टणकन उडाली?” जन्मात एकदा मी नळावर मीठमसाला न घालता बोलले, तर ती माझी सगळ्यात गाजलेली थाप ठरली.

सासूबाईंनी बुवांना पुन्हा बोलावलं. या वेळी मोठ्या मण्यांची माळ आणली, जणू आधीची मापाला कमी पडली होती. चाळ जमली. बुवांनी माळ उचलली, आणि नवरा मागे सरला.

“नको, आई. मी परत डब्यात काढून ठेवीन.”

मग त्याने सांगितलं. सगळं नाही, पण पुरेसं. मी कोपऱ्यात मुलीला घेऊन उभी होते, आणि मला वाटलं, सुटले. आता याच्या तोंडून ऐकलंय, आता तरी मानतील. दुसऱ्या पोराचं नाव कुणी काढणार नाही, माझं अंथरूण वेगळं पडेल, हा औषध शोधेल, मी थांबेन.

सासूबाई वळल्या त्या माझ्याकडे. “हिणाच शिकवल्यान माझ्या झिलाक!” मागून कुणीतरी म्हणालं, “संगत हो संगत. तोही थापा मारायला लागला.” आणि हशा पिकला. बुवासुद्धा हसले. माझा नवरा सगळ्यांकडे बघत राहिला, आणि मग त्याने मान पुढे केली. माळ घातली. खरं बोलून पाहिलं, त्यात घाम फुटला. खोट्यात सावली होती.

तरी मी थांबले. म्हटलं, एकदा तोंड उघडलंय, पुन्हा उघडेल. अंथरूण वेगळं घातलं, सासूबाईंची बोलणी खाल्ली. नवऱ्याचा पाय हलायला लागला तेव्हा समोर बसून म्हटलं, “आत्ता सांगा. जायच्या आधी सांगा.” तो म्हणाला, “काही नाही गं. भजन आहे.”

दुसऱ्या दिवशी गजरा आला.

मी तो माळला नाही. घासलेल्या डब्याच्या खालच्या खणात ठेवला, झाकण लावलं, डबा नेहमीच्या जागी ठेवला. मुलीला कडेवर घेतलं, दोन लुगडी पिशवीत कोंबली. जिन्यात शेजारीण भेटली, “कुठे गं?” मी म्हटलं, “माहेरी, पंतप्रधान येणार आहेत जेवायला.” ती हसली. तेवढी एक मात्र तिने खरी मानली असती तरी मला चाललं असतं.

पुढे त्याचं काय झालं ते मला ऐकून माहीत आहे, आणि ऐकीव गोष्टीत मी काय काय घालते हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून लिहीत नाही.

माझं माहेर गोवंडीला. वाटेत बाजारात कोळीण बसली होती. ताजे बांगडे, कल्ले लाल. मी सगळा वाटा उचलला. आईने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, पोरीकडे, पिशवीकडे.

“किती दिवसांसाठी आलीस?”

मी म्हटलं, “आधी तवा ठेव.”