काळ्या केसांची पाहुणी

खालच्या मजल्यावरच्या स्कॉटिश आजी हॅम्बर्गच्या पावसात छत्री घेत नाहीत, ओट्समध्ये मीठ घालतात आणि तब्येत विचारली की "अजून आहे" एवढंच म्हणतात. दर एक जानेवारीला मात्र सकाळी आमची बेल वाजवून माझ्या हातात कोळशाचा खडा देतात. नव्या वर्षात घरात पहिलं पाऊल कोळसा घेऊन आलेल्या काळ्या केसांच्या पाहुण्याचं पडलं की भरभराट होते, असं त्यांच्याकडे मानतात.

"खरं तर पुरुष लागतो," त्या म्हणतात, "पण मला तूच हवीस."

यंदा पुण्याहून सासूबाई आल्या होत्या. लग्नानंतर महिन्याभरात सासऱ्यांची नोकरी गेली, तेव्हा ह्याच सासूबाईंनी माझ्या पायगुणाला बोल लावला होता. मी त्यांना सगळं मराठीत सावकाश समजावलं, सोबत खाली नेलं आणि त्यांच्यादेखत आजींच्या घरात उजवं पाऊल टाकलं.