अष्टमीचा तास

खाडीकाठच्या करावे गावच्या मनालीने कॉलेजात एक विषय सुरू करून दिला आणि त्याच्या वर्गात बसायचं तेवढं तिचं राहून गेलं.

विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी मिळून अभ्यासक्रम आखायचा, असं जुईनगरच्या त्या कॉलेजने ठरवलं, तेव्हा ती दुसऱ्या वर्षाला होती. विषय होता ‘खाडी आणि बंदर’. तो शिकवणार होत्या त्या सुचित्रा मॅडमनी तिला विचारलं, सुरुवात कुठून करू?

“मॅडम, तास मंगळवारी दहाला नको. अष्टमीला ठेवा. दुपारी ओहोटी असते, जेट्टीवरून सगळं दिसतं.”

वेळापत्रक पंचांगावर चालवायचं म्हटल्यावर स्टाफरूममध्ये हशा पिकला. मॅडम मात्र हट्टाला पेटल्या. वर्षभर दोघी एका टेबलाशी बसल्या, भांडल्या, एका डब्यातून जेवल्या. विषयाला मंजुरी मात्र आपल्या संथ चालीने आली. तोवर मनाली पदवी घेऊन न्हावा शेवा बंदरात एका एजंटच्या ऑफिसात कंटेनरचे कागद टाइप करत होती. येणारी प्रत्येक अष्टमी तिला बोचायची.

पहिल्या तासाचा मॅडमचा मेसेज आला आणि तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आई म्हणाली, “तुजा शिकून झाला ना? आता परत कोन बसवनार तुला वर्गान?”

आईचं खरं निघालं. जेट्टीवर तीस मुलं उभी होती. मनाली गुपचूप मागे जाऊन थांबली, तोच मॅडमनी हाक मारली.

“मनाली, पुढे ये. आजचा तास तूच घे.”

मान मोठा होता, नाही कशी म्हणणार? तिने अमावस्या-पौर्णिमेचं उधाण सांगितलं, अष्टमीच्या कमी भरतीचा भांग सांगितला, चिखलातली बिळं दाखवली. मुलं तिला ‘मॅडम’ म्हणाली. तिला वाईट वाटलं. तिला त्यांच्यात उभं राहून ऐकायचं होतं, एवढंच.

शेवटी सुचित्रा मॅडमनी गृहपाठ सांगितला, “तुमच्या घरात पाणी ओळखणारं शेवटचं माणूस कोण, ते शोधून या.”

मुलांनी वह्या काढल्या. मनालीनेही पर्समधून ऑफिसची डायरी काढली आणि प्रश्न उतरवून घेतला. पुढच्या अष्टमीला रजा मिळणार नव्हती. प्रश्नही तिचाच होता, मॅडमसोबत त्या टेबलाशी बसून तिनेच अभ्यासक्रमात घातलेला. पण तिला तो आज पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता.