बाबांची सोंगटी कुणी मारायची

आमच्या बाबांनी कॅरमवर स्ट्रायकर मारला की अंबरनाथच्या फॅक्टरीत लोकांना वाटायचं, पाळी सुटल्याचा भोंगा झाला. निम्मी माणसं डबे उचलून गेटपाशी यायची आणि तिथून शिव्या देत परत जायची. यात कुणाला शंका असेल तर त्याने त्या काळच्या क्वार्टर्समधला एखादा म्हातारा गाठावा. तो याहून मोठी गोष्ट सांगेल. राणी तर बाबांचा नेम नुसता बघूनच भोकात उतरायची, स्ट्रायकरची वाट बघत नसे. हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

रविवार म्हणजे कॅरम, हा नियम क्वार्टर सोडून बदलापूरला, हेंद्रेपाड्यात फ्लॅट घेतल्यावरही चालू राहिला. एका बाजूला बाबा, समोर मी, उरलेल्या दोन बाजूंना माझी बायको आणि मुलगी. घरात माणसं पाच आणि कॅरमला बाजू चार, त्यामुळे आई कायम स्वयंपाकघरात. ती कधी खेळायला मागायची नाही आणि आम्हीही कधी बोलवायचो नाही.

मग बाबांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण शब्द असे यायचे की जणू प्रत्येकाला कुठून तरी लांबून चालत यावं लागतंय. हॉस्पिटलातून आल्यावर पहिल्या रविवारी मी मोठ्या उत्साहाने कॅरम मांडला. म्हटलं, डाव्या हाताने मारा, बाबा. त्यांनी मारला. स्ट्रायकर डुगडुगत गेला आणि बोर्डाच्या मधोमध थांबला. सोंगट्यांपर्यंत पोचलाच नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी बोर्ड उचलला आणि कपाटामागे उभा केला.

त्यानंतर बाबा खोलीतून बाहेर येईनासे झाले. जेवण आत, चहा आत, तोंड भिंतीकडे. डॉक्टर बाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "त्यांना माणसांत बसवा. असेच भिंतीकडे बघत राहिले तर जे उरलंय तेही जाईल." औषधाच्या गोळ्या मी आणू शकत होतो. माणसांत बसवायची गोळी कुठे मिळते ते त्यांनी सांगितलं नाही. म्हणून मी ठरवलं की असा एक खेळ शोधायचा, जो घरातल्या सगळ्यांना येईल, सगळ्यांना आवडेल आणि ज्याला उजवा हात लागणार नाही.

आणि मी शोधत सुटलो. खेळ विकत घेण्यात मी त्या दिवसांत इतका पटाईत झालो की उल्हासनगरच्या बाजारात खेळण्यांचे दुकानदार मला लांबून बघूनच चहा सांगायचे. एका सिंधी दुकानदाराची बडबड तर अशी, की माल नको म्हणणारं गिऱ्हाईक निघताना दोन पिशव्या घेऊनच जायचं. त्याने विचारलं, "फॅमिली में कौन कौन है, साईं?" मी एकेक सांगत गेलो. बाबांपाशी आलो तेव्हा त्याची बडबड पहिल्यांदाच थांबली. मग त्याने वरच्या फळीवरचे खोके काढायचे सोडून खालून मोठ्या सोंगट्यांचा, लोहचुंबकाचा ल्यूडो काढला. मी तो घेतला आणि शिवाय वरचेही दोन खोके घेतले. हाव माझी.

वरचे दोन आधी उघडले. पहिला अक्षरं जुळवून शब्द करायचा. हा मी का घेतला, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. बाबांसमोर सात-आठ अक्षरं पडली. शब्द त्यांना दिसला होता, हे त्यांच्या डोळ्यांवरून कळत होतं. पण तो डोक्यातून हातापर्यंत येईना. त्यांचे कान लाल झाले. बायकोने "बाबा, हा शब्द का?" म्हणून त्यांची अक्षरं स्वतःच लावून दिली. दुसरा खेळ नव्या पद्धतीचा, म्हणजे कुणी कुणाशी लढायचं नाही, सगळ्यांनी मिळून एक बुडतं बेट वाचवायचं. त्याचे नियम बायको मोठ्याने वाचत बसली. ते इतके लांब होते की वाचता वाचता दुपारची संध्याकाळ झाली, मुलीची उंची वाढली आणि बाबांना झोप लागली. बेट बुडालं.

ल्यूडो मात्र जमला. बाबा डाव्या हाताने फासा टाकायचे, सोंगटी टपकन चिकटायची, हलायची नाही. दर रविवारी ते तासभर बाहेर बसू लागले. मी बिल्डिंगभर सांगत फिरलो. वॉचमनला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं, लिफ्टमध्ये सापडेल त्याला सांगितलं.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही, कारण ती आम्ही एकमेकांतही बोललो नव्हतो. बाबांची सोंगटी कुणी मारत नव्हतं. असं कुणी ठरवलं नव्हतं. पण मुलीला नेमके चार पडले आणि चार घरांवर बाबांची सोंगटी असली, की तिला दुसरीच सोंगटी चालवायची आठवण व्हायची. बायको घरं मोजताना एखादं गिळायची. मी तर माझ्या सोंगट्या त्यांच्या पुढ्यात अशा नेऊन ठेवायचो, जसे लग्नात व्याह्यांच्या पुढ्यात लाडू ठेवतात. जिंकायला फसवणारी माणसं गावोगाव असतील. हरायला फसवणारं असं कसबी घर कर्जतपर्यंत दुसरं सापडलं नसतं. बाबा दर वेळी जिंकायचे आणि आम्ही टाळ्या वाजवायचो.

बाबांचा जन्म गेला फॅक्टरीच्या तपासणी खात्यात. आलेल्या मालावर हलकेच टिचकी मारायची, कान द्यायचा आणि खोटा निघाला की बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. अशा माणसापुढे आम्ही टाळ्या वाजवत होतो.

एका रविवारी त्यांनी आपली सोंगटी मुद्दाम मुलीच्या सोंगटीपुढे, अगदी तोंडात दिल्यासारखी नेऊन ठेवली. आणि तिच्याकडे बघत बसले. तिला दान बरोबर पडलं. तिने दुसरी सोंगटी चालवली. पुढच्या फेरीत त्यांनी तेच माझ्याशी केलं. मीही दुसरी चालवली, वर "अरे, ही दिसलीच नाही" असंही म्हणालो. बाबांनी फासा पटावर ठेवला. बराच वेळ ओठ हलत होते.

"खोटं," ते म्हणाले.

एवढंच. मग भिंतीला धरून आत गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही.

आता शहाण्या माणसाला कळलं असतं. मला काय कळलं? की खेळ चुकला. म्हणून मी पुन्हा बाजारात. सापशिडी आणली, जोड्या लावायचे चित्रांचे पत्ते आणले, एक तर असा आणला की खोक्यावर तीन वर्षांचं पोर हसत होतं. तो खोका बाबांनी हातात घेतला, त्या पोराकडे बघितलं आणि उशाशी पालथा ठेवला. मी बाहेर आलो तर आई मेथी निवडत बसलेली.

"त्यांना विचारलंस का?" ती म्हणाली.

"काय?"

"काय खेळायचं ते. का खेळायचंच नाही, ते."

"अगं, त्यांना बोलायला त्रास होतो."

"बोलायला होतो. ऐकायला होतो का?" तिने माझ्याकडे न बघता एक काडी बाजूला टाकली. "शर्ट कुठला घालायचा ते मी ठरवते. भाजी कुठली खायची ते तुझी बायको ठरवते. झोपायचं कधी ते डॉक्टरीण. खेळात तरी त्यांचं काही चालू दे की. तिथे पण तुम्हीच जिंकवताय त्यांना."

त्या आठवड्यात मी बाजाराकडे फिरकलो नाही. असं त्या दिवसांत माझ्या बाबतीत फार क्वचित घडायचं.

त्या रविवारी आईने जेवणाच्या टेबलावर खडूने पट आखला. पाच घरं आडवी, पाच उभी, चारी बाजूंच्या मधल्या घरांवर आणि अगदी मध्यावर फुली. अष्टाचंगा. तिचं माहेर बारवी धरणाच्या अंगाला, तिथे भाताची मळणी झाली की बायका हाच खेळ घेऊन बसायच्या म्हणे. चिंचोके फोडून, घासून तिने दोन दिवस आधीच तयार ठेवले होते. एक बाजू पांढरी, एक तपकिरी. मग ती बाबांच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"मी खेळायला बसतेय. यायचं तर या. नसेल यायचं तर राहिलं."

आणि खरंच येऊन बसली. मी उठायला लागलो तर म्हणाली, "गप बस. त्यांचे पाय त्यांच्याकडे आहेत."

चहा निवला. मुलीचा मोबाइल बघून संपला. मग भिंतीवर हात घासत येत असल्याचा आवाज आला. बाबा आले आणि खुर्चीत बसले.

मी आणि बायको मिळून एक बाजू, उरलेल्या तीन बाजूंना बाबा, आई, मुलगी. अशी आम्ही पाचही माणसं पहिल्यांदाच एका पटाभोवती बसलो होतो, हे माझ्या लक्षात आलं आणि मी ते कुणाला बोलून दाखवलं नाही. बाबांना शर्टाची बटणं, आईला फुटक्या बांगडीचे तुकडे, मुलीला शेंगदाणे, आम्हाला हरभरे. आईने नियम सांगितले. चार चिंचोके टाकायचे, पांढरे पडतील तितकी घरं चालायचं, चारही पांढरे म्हणजे चंगा, चारही पालथे म्हणजे अष्टा, आठ घरं. फुलीवर कुणी कुणाला मारायचं नाही.

"आणि कुणाला तरी एकदा मारल्याशिवाय आतल्या घरात जाता येत नाही. बाहेरच फिरत बसायचं."

"आजी, किती व्हायलंट गेम आहे हा," मुलगी म्हणाली.

"तुझ्या मोबाइलमध्ये काय आरती चालते का?"

खेळ सुरू झाला आणि आम्ही आमचं जुनंच सुरू केलं. आमचा एक हरभरा बाबांनी मारला, तो मीच पुढ्यात ठेवला होता. मुलीने आमचा दुसरा मारला. पण बाबांची बटणं समोर आली की आमची दानं वाकडी चालायची. आमच्या हरभऱ्यांनी बाहेरच्या रिंगणात इतक्या फेऱ्या घातल्या की भिजवले असते तर मोड आले असते. आईही फिरत होती, तिनेही अजून कुणाची सोंगटी मारली नव्हती. बाबांचं एक बटण सगळ्यांच्या पुढे, आत शिरायला दोन घरं उरलेली.

आईने चिंचोके टाकले. चारही पांढरे. तिच्या बांगडीच्या तुकड्यापासून बरोबर चौथ्या घरात बाबांचं बटण होतं.

बायको हळूच म्हणाली, "आई, ती मागची चालवा ना."

आईने पुढचा तुकडा उचलला. एक, दोन, तीन, चार. बटण उचललं आणि बाबांच्या पुढ्यात ठेवलं.

"गेलं तुमचं."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. झटका आला त्या दिवसापासून ती त्यांना भरवत होती, पुसत होती, कूस बदलून देत होती. तिच्या कपाळावर घाम होता, पण तिने नजर खाली घातली नाही.

"बघता काय असे. चार पडले, चार चालले."

बाबांचा डावा हात चिंचोक्यांकडे सरकला.

"थांबा. मारलं की अजून एक दान असतं माझं. तुमची पाळी नाही आली."

हात थांबला. तिचं दान झालं, मग त्यांची पाळी आली. दोन पडले. बायकोने सवयीने त्यांचं फुलीवर जाणारं, सुरक्षित बटण पुढे करायला बोट नेलं. बाबांनी तिचं बोट बाजूला केलं. जोरात नाही, पण केलं. मग त्यांनी दुसरं बटण धरलं, आईच्या तुकड्याच्या मागे लागणारं. ते चिमटीतून दोनदा निसटलं. मी पुढे झालो, तशी आईने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पोलादी पाय आहे तिचा, आजही त्या पायाच्या बोटाला थंडीत कळ येते. बटण त्यांना हव्या त्या घरात जाऊन बसलं. त्यांनी हात काढून घेतला आणि आईकडे बघितलं. ते बघणं मी कॅरमच्या दिवसांनंतर पहिल्यांदाच बघत होतो.

ते हरले. सगळ्यांत शेवटी आले. शेवटचं बटण आत जाईपर्यंत बसून राहिले.

"पुढच्या रविवारी परत, आजोबा?" मुलीने विचारलं.

उत्तर यायला वेळ लागला. आम्ही एरवी त्यांची वाक्यं पूर्ण करून टाकायचो. त्या दिवशी सगळे थांबलो.

"उद्या," ते म्हणाले.

यात कुणी बरं झालं, असं मला सांगता येणार नाही. सांगायचा मोह होतो, आणि मोहाला मी सहसा नाही म्हणत नाही. पण डावा हातही आता थकत चाललाय. चिंचोके मुठीत राहत नाहीत, म्हणून आई त्यांचं दानही टाकते आणि स्वतःचंही. ते फक्त कुठलं बटण चालवायचं तिकडे बोट करतात.

काल तीन पडले. त्यांनी ज्या बटणाकडे बोट केलं, ते तीन घरं चाललं की आईच्या तुकड्याच्या अगदी पुढ्यात, मारात येत होतं. मला दिसत होतं, मुलीला दिसत होतं. आईलाही दिसत होतं. तिने एकदा विचारलं, "हेच?" त्यांनी बोट हलवलं नाही. तिने बटण उचललं, तीन घरं चालवलं, मारात येत होतं तिथेच ठेवलं आणि मग स्वतःचं दान टाकायला चिंचोके गोळा केले.