भंडाऱ्याची साडेचार बोटं

शिरवळच्या एका कंपनीत मी स्टोअर सांभाळते. गेटपासशिवाय माझ्या खिडकीतून एक नटही बाहेर जात नाही. मॅनेजर आले तरी सही घेते. हे आधी सांगून टाकते, कारण पुढची चूक माझ्याच हातून झाली.

सासूबाईंचा जन्म माणच्या कोरड्या मुलखात मेंढरांमागं आणि चुलीपुढं गेला. धुरानं फुप्फुसं निकामी केली. डॉक्टरांनी दिवसाचे सोळा तास ऑक्सिजन सांगितला, म्हणून साताऱ्याच्या एका दुकानातून हवेतला ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन घेतलं. पैसे क्रेडिट कार्डावर भरले आणि त्यात कार्डाची मर्यादा संपली. नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस परराज्यात. लोणंदच्या घरात आम्ही दोघीच.

मशीन आलं त्या दिवशी सासूबाईंनी वाटीत भंडारा, देवाची हळद, तेलात कालवला.

"आत्याबाई, प्लास्टिकला डाग पडंल. वॉरंटी जाईल," मी म्हणाले.

"जाऊ दी. देवाचं झाल्याबिगर म्या नाकाला लावायची न्हाई."

त्यांनी मशीनच्या पांढऱ्या पाठीवर पाच बोटं ओढली. खरं तर साडेचार. करंगळीशेजारचं बोट कधीकाळी कडबाकुट्टीत अर्धं गेलेलं, त्यामुळं ती रेघ आखूड उठली. मी फोटो काढून नवऱ्याला पाठवला. खाली लिहिलं, बघा तुमच्या आईचे उद्योग.

तीन आठवड्यांनी मशीनवर हिरव्याच्या जागी पिवळा दिवा लागला. म्हणजे हवा येतेय, पण त्यात ऑक्सिजन पुरेसा नाही. बोटाला लावायच्या यंत्रावर त्र्याण्णवचा आकडा चौऱ्याऐंशीवर आला होता. सासूबाईंचे ओठ जांभळट दिसत होते आणि त्या मला सांगत होत्या, "काय न्हाई, जरा दम लागलाय." मी दिव्याचा व्हिडिओ दुकानदाराला पाठवला, दवाखान्यातून भाड्यानं सिलिंडर आणला आणि दुसऱ्या दिवशी मशीन टेम्पोत घालून साताऱ्याला नेलं.

दुकानदार सासूबाईंच्या माहेरच्या गावचा. खरेदीच्या वेळीच त्यानं त्यांना आत्या म्हणून पाया पडून घेतलं होतं.

"आमच्या सांगलीच्या वर्कशॉपला पाठवतो, वहिनी. चार दिवसांत घरपोच."

"मशीन मिळाल्याची पावती द्या."

तो हसला. "आत्याच्या मशीनची पावती? घरातल्या घरात?"

मला लाज वाटली. नटाचीही सही घेणारी मी, तशीच परत आले.

चार दिवसांचे दहा झाले. सिलिंडरला एक काटा असतो, तो डावीकडं सरकत राहतो. कामावरून मी तासातासाला शेजारणीला फोन करायची. "काटा कुठाय?" ती सांगायची, अर्ध्याच्या खाली. त्यात दवाखान्यानं सांगितलं की महिनाअखेरीनंतर सिलिंडरची खात्री देता येणार नाही. दुकानदाराचा फोन तोवर बंद झाला होता.

सुट्टी टाकून साताऱ्याला गेले. शटर खाली, त्यावर जप्तीचा कागद. दुकान बुडालं होतं. बाहेर पाचसहा जण उभे होते. कोरेगावच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला विचारलं, "बाई, तुमी रोख दिलं का?"

"कार्डानं."

"मग तुमचं काय तरी हुईल. आमी रोख दिलं, आमचं गेलं. मशीन कुठाय?"

"दुरुस्तीला दिलंय."

"दिल्याचा कागद हाय न्हवं?"

मी पायरीवर बसले.

तिथून थेट बँकेत. काउंटरवरच्या मुलीनं शांतपणे समजावलं. दुकान बुडालं तरी कार्डावरचा व्यवहार उलटा फिरवता येतो. तक्रारीचा अर्ज, बिल, मशीन खराब असल्याचा पुरावा आणि ते दुकानाला परत दिल्याचा पुरावा. मुदतीला नऊ दिवस उरलेत.

"परत दिल्याचा पुरावा नसेल तर?"

"तर ते म्हणतील, मशीन तुमच्या घरीच आहे, मॅडम."

घरी येऊन मी आधी सिलिंडरचा काटा बघितला. सासूबाईंनी नाकातली नळी सारखी केली आणि म्हणाल्या, "त्वांड बघून कळतंय. मशीन सांगलीला गेलं व्हतं न्हवं? मग सांगलीला जा. हितं काट्याकडं बघून काय व्हतंय?"

"तुमच्याजवळ कोण?"

"मी काय आजच मरत न्हाई. सांजच्या आत ये."

बिलावर वर्कशॉपचा पत्ता होता. सकाळच्या गाडीनं निघाले. फोन हातात धरून बसले. तो वाजला की धास्ती वाटायची, आणि बराच वेळ वाजला नाही तर जास्त.

वर्कशॉपही बंदच होतं. काचेचं दार, कुलपावर सील. शेजारी हळदीची अडत होती. तिथले शेठ, जैन गृहस्थ, पोती मोजायचं सोडून आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी नोकराकडून काच बाहेरून पुसून घेतली आणि बॅटरी आणून आत प्रकाश टाकला. एकसारखी पांढरी मशिनं, दहाबारा. बहुतेकांची तोंडं आमच्याकडं. यातलं माझं कुठलं, हे कुणाला कसं दाखवणार?

"मागं भिंतीला बघा," शेठ म्हणाले.

एका मशीनची पाठ आमच्याकडं होती. त्यावर पिवळ्या रेघा. चार लांब, एक आखूड.

माझे पहिले तीन फोटो हलले. शेठनी मोबाइल काढून घेतला आणि स्वतः फोटो काढले. "बोटं आमच्याच मालाची दिसतात," ते म्हणाले. मग त्यांनी आपल्या लेटरहेडवर लिहून दिलं, वर्कशॉप कधीपासून बंद आहे आणि आत हे मशीन स्वतः पाहिलं आहे. सही केली. शिक्का मी मागून घेतला.

दोन्ही फोटो, घरातला आणि काचेतला, पिवळ्या दिव्याचा व्हिडिओ, बिल आणि शेठचं पत्र, सगळं दुसऱ्या दिवशी बँकेत दिलं. महिना संपायला दोन दिवस असताना मेसेज आला. रक्कम कार्डावर तात्पुरती जमा, समोरून हरकत आल्यास परत वळती होईल. तात्पुरती हा शब्द मी कितीदा वाचला कोण जाणे. त्याच दुपारी दुसऱ्या दुकानातून मशीन आणलं, पावती आणि वॉरंटीवर सही-शिक्का घेऊन.

हरकतीची मुदत अजून संपलेली नाही. बँकेचा मेसेज वाजला की आजही हातातलं काम थांबतं.

नव्या मशीनचा हिरवा दिवा लागल्यावर मीच वाटीत भंडारा कालवून सासूबाईंपुढं धरला. त्यांनी पाठीवर बोटं ओढली, जरा थांबून दम घेतला आणि म्हणाल्या, "आता फिरीव त्याला. पुढच्या अंगाला बी लावते. कोन कसं ठिवंल, काय सांगावं."

मी मशीन फिरवलं.