धूलकोटला न पोचलेली कुत्र्यांची पदयात्रा

'येता आलं नाही तर निदान कुत्रा पाठवा,' असं मी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं. लोकांनी कुत्रे पाठवले.

सकाळी शनवाऱ्याच्या चौकात मी उभा होतो. अंगात पांढरा टी-शर्ट, पाठीला बॅनर, हातात चार पट्टे आणि पट्ट्यांच्या टोकाला चार कुत्रे. माणूस एकही नाही. पॉवरलूमवाल्या शेठचा ड्रायव्हर लॅब्राडॉर सोडून गेला, त्याचं नाव ब्रूनो. मेडिकलवाला स्वतः आला, आपला पग माझ्या हाती दिला, आमच्यासोबत सेल्फी काढला आणि दुकान उघडायला गेला. बँकेतल्या साहेबांनी राजा नावाचा गावठी कुत्रा पाठवला, सोबत एक डबाही. मला बरं वाटलं. डबा राजासाठी होता.

चौथी चिमी. पांढरी, केसाळ, पॉमेरियनसारखी. ती महाजन मॅडमची. मॅडम रिटायर्ड गणिताच्या टीचर, एकट्या राहतात, घरात दुसरा जीव म्हणजे ही चिमी. सलीमभाईंच्या ऑटोतून ती एकटीच आली.

"डॉक्टरसाब, मॅडम बोल्या, आठ-दहा दिवस झाले, चाटत राहते. जरा देख लेना."

मी लगेच खाली बसलो. चारी पंजे उलटे करून पाहिले, बोटांच्या मधली जागा पाहिली, पुढच्या पंजाला थोडं लालसर वाटलं तिथे बेटाडीन लावलं. पदयात्रा म्हटली की डोक्यात पंजेच असतात.

"हो गया," मी सलीमभाईंना सांगितलं. "मॅडमना म्हणावं, काळजी नको."

आता मी कोण ते सांगतो. मी जनावरांचा डॉक्टर. सगळी नोकरी सरकारी पशु चिकित्सालयात गेली, त्यातली बहुतेक म्हशींच्या आणि गाईंच्या मागच्या बाजूला उभं राहून. रिटायर झाल्यावर बुऱ्हाणपुरात छोटं क्लिनिक टाकलं. शहरात म्हशी कमी आणि पाळलेली कुत्री जास्त, म्हणून कुत्र्यांचा डॉक्टर झालो. माझ्या स्वतःच्या घरी कुत्रा नाही. सौ. गेल्यापासून घरात आवाज फक्त फ्रिजचा.

पदयात्रा भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीसाठी होती. ऑपरेशननंतर त्यांना चार दिवस ठेवायला एक शेड बांधायची, त्यासाठी वाटेतल्या गावांतून मदत गोळा करायची. बहादरपूरवरून जायचं, वाटेत ओळखीच्या शेतावर मुक्काम, दुसऱ्या दिवशी धूलकोट. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला होता. मी ते अंगठे माणसं म्हणून मोजले.

निघालो. थंडीचे दिवस, ऊन कोवळं, दोन्ही बाजूंना केळी. शहर मागे पडल्यावर मी बोलायला लागलो. आधी मनात, मग मोठ्याने. पगला मी केळीची पिलबाग समजावून सांगितली, म्हणजे घड कापल्यावर त्याच झाडाच्या बुडातून येणाऱ्या पिलावर दुसरं पीक कसं घेतात ते. तो घोरल्यासारखा श्वास घेत ऐकत होता. घरी इतकं कोणी ऐकत नाही, कारण घरी कोणी नाही.

ब्रूनो सारखा चिमीच्या मागे मागे होता. मला कौतुक वाटलं. 'पहिल्या किलोमीटरमध्येच मैत्री!' असं लिहून मी ग्रुपवर फोटो टाकला. पाच अंगठे आले.

बहादरपूर यायच्या आधी मागे वळून पाहिलं तर तीन गावठी कुत्रे आमच्या मागून चालत होते. भुंकत नव्हते. परक्या कुत्र्यांना बघून गावातले कुत्रे भुंकतात, हे कोणालाही माहीत आहे. हे मात्र अगदी सभ्यपणे येत होते. मला वाटलं, मुक्या प्राण्यांनाही आपल्या कामाची जाणीव असते. खरंच असं वाटलं.

बहादरपूरला चहाच्या टपरीपाशी थांबलो. पट्टे बाकाला बांधले आणि समोरच्या चार-सहा लोकांना नसबंदीचं महत्त्व सांगायला लागलो. बऱ्याच दिवसांनी माणसं समोर होती, त्यामुळे भाषण लांबलं. बोलता बोलता लोक माझ्याकडे न बघता माझ्या मागे बघायला लागले. कोणीतरी हसलं. मी वळलो तर बाकाभोवती दहा-बारा कुत्रे, दोन एकमेकांच्या मानेला लागलेले, राजा पट्टा तोडायच्या बेतात आणि चिमीचा पट्टा बाकावरून सुटलेला. ती टपरीच्या पाठीमागून शेपूट एका बाजूला धरून शांतपणे बाहेर येत होती.

शेपूट एका बाजूला. तेवढं दिसलं आणि माझं भाषण तिथेच संपलं.

कुत्री माजावर आली, म्हणजे पिल्लं धरायच्या काळात आली, की आधी आठ-दहा दिवस लाल जातं आणि ती स्वतःला चाटून साफ ठेवते. मग ती नराला जवळ येऊ देते, तेव्हा शेपूट अशी बाजूला धरते. वास लांबवर जातो. म्हैस असती तर मी रस्त्याच्या पलीकडून ओळखलं असतं. चिमीचे मी पंजे पाहिले होते.

आणि ही साधी गोष्ट नव्हती. आदल्या बाळंतपणात चिमीचं पिल्लू अडकलं होतं. मीच सिझेरियन केलं होतं. रक्त इतकं गेलं होतं की त्याच वेळी गर्भाची पिशवी काढायची माझी हिंमत झाली नाही. मॅडमना तेव्हा सांगितलं होतं, "पुन्हा गाभण राहिली तर वाचायची हमी मी देणार नाही. पुढचा माज यायच्या आत पिशवी काढून टाकू." ते ऑपरेशन मी पदयात्रेनंतरच्या आठवड्यात ठेवलं होतं. माजाने माझ्या आठवड्याची वाट पाहिली नाही.

चिमीला उचलून खांद्यावर घेतलं आणि निघालो. बाकीचे तीन पट्टे दुसऱ्या हातात. मागे गावची सगळी नर मंडळी. कुठल्या तरी दाराला कडी असलेली जागा हवी होती. रस्त्याला लागूनच्या केळीत एक मोटरची खोली दिसली, तिकडे वळलो. शेतमालक भागवतभाऊ घड उतरवत होते. माझे जुने ओळखीचे, त्यांच्या म्हशी मी वर्षानुवर्षं तपासल्या आहेत. त्यांनी आधी मला पाहिलं, मग माझ्या मागचं पाहिलं, मग पाठीवरचा बॅनर वाचला.

"काय हो डॉक्टर, बॅनर नसबंदीचा आणि मागे वरात?"

"भाऊ, खोली उघडा आधी."

"उघडतो ना. पण नवरी कोणाची ते तर सांगा."

"महाजन मॅडमची."

भाऊंचं हसणं थांबलं. त्यांच्या दोन्ही मुलांना मॅडमनी गणित शिकवलं होतं. "मग तुम्ही गेले," ते म्हणाले आणि खोली उघडली.

माझे तीन कुत्रे त्यांनी लांब ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला बांधले. मी चिमीला घेऊन आत शिरलो, कडी लावली आणि खताच्या गोणीवर बसलो. बाहेर दाराला नखं घासल्याचा आवाज. आत मोटरची घरघर, चिमी मांडीवर आणि मी.

शेठना फोन लावला, ते मीटिंगमध्ये. मेडिकलवाला म्हणाला, गिऱ्हाईक आहे, नंतर बोलतो. बँकवाल्या साहेबांनी उचललाच नाही. ग्रुपवर लिहिलं, 'बहादरपूरच्या पुढे अडकलो आहे, कोणी गाडी घेऊन येईल का?' त्याला तीन अंगठे आले. एकाने हात जोडले. मग पुण्याला मुलाला लावला. "बाबा, अर्जंट आहे का?" त्याने विचारलं. मोटरच्या खोलीत माजावरची कुत्री मांडीवर घेऊन बसलोय, हे अर्जंट आहे की नाही ते मला पटकन ठरवता येईना. "नाही रे, सहज केला," म्हणालो.

मॅडमना शेवटी लावला. खरं तर सगळ्यात आधी लावायला हवा होता.

"मॅडम, चिमी बरी आहे."

"मी विचारलं नव्हतं. म्हणजे बरी नाही. काय झालं?"

"माजावर आहे."

"म्हणून चाटत होती. सलीमकडे निरोप दिला होता. मिळाला नाही?"

"मिळाला."

"मग?"

"पंजे बघितले."



"पंजे," मॅडम म्हणाल्या. मग हळू आवाजात, "कोणी जवळ आलं होतं तिच्या?"

"टपरीमागे थोडा वेळ माझं लक्ष नव्हतं."

"कुठे होतं लक्ष?"

"भाषण देत होतो."

त्यांनी फोन ठेवला. सलीमभाईंची ऑटो आली तेव्हा त्या स्वतः आत बसलेल्या होत्या. चिमीला पदरात घेतलं, माझ्याकडे पाहिलं नाही. मी बाकीच्या तिघांना घेऊन ऑटोच्या धुळीत पायी परत फिरलो. एकही गावठी कुत्रा माझ्या मागे आला नाही.

आता वाट बघणं. कुत्री गाभण आहे की नाही ते लगेच कळत नाही. सोनोग्राफीत पिल्लं दिसायला महिना तरी जावा लागतो. गर्भ पाडायची इंजेक्शनं असतात, पण तिच्या कच्च्या पिशवीत त्यांनी पू झाला असता. माजात ऑपरेशन केलं तर रक्ताच्या नळ्या फुगलेल्या असतात, तोही धोका. म्हणून काही न करणं हाच इलाज होता.

त्या महिन्यात मी रोज संध्याकाळी मॅडमच्या घरी जात होतो. चिमीच्या पोटाला हात लावायचो. हाताने तेव्हा काही कळत नाही, हे मला माहीत होतं. मॅडमनाही माहीत असावं. त्या दार उघडायच्या, मी उंबऱ्यातच बसून तपासायचो, त्या उभ्याने बघायच्या.

"आज काय?"

"आज काही सांगता येत नाही."

"काल पण हेच बोललात."

मग मी घरी जायचो, फ्रिज ऐकायला.

सोनोग्राफी माझ्याच क्लिनिकमध्ये केली. मी मशीन पोटावर फिरवायला लागलो. मॅडमनी टेबलाची कड घट्ट धरली होती. एकदा डावीकडून पाहिलं, एकदा उजवीकडून, मग पुन्हा डावीकडून.

"रिकामी आहे," मी म्हणालो.

"नक्की? की पंजेच बघताय?"

स्क्रीन त्यांच्याकडे वळवून दाखवली. त्यांना त्यातलं काही कळलं नसणार, पण त्या खुर्चीत बसल्या आणि चष्मा काढून पुसत राहिल्या. रक्ताच्या नळ्या बसल्यावर मी पिशवी काढली. चिमी उठली, दोन दिवसांनी दूधभात खायला लागली, टाके वेळेवर निघाले.

शेड अजून झालेली नाही. धूलकोटही अजून तिथेच आहे, मी तिथे पोचलेलो नाही. धंद्यातला धडा एवढाच, की मालकाने 'चाटते' म्हटलं तर आधी कुठे ते विचारावं.

टाके काढल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून मॅडमच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, एकदा हार्ट ऐकून घेतो. चिमी अंगणात माशीच्या मागे उड्या मारत होती. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"डॉक्टर, घरी करमत नसेल तर सरळ चहाला येत जा," त्या म्हणाल्या. "त्यासाठी माझ्या कुत्रीला आजारी पाडायची गरज नाही."